नऊ तासिका आणि उरलेला आठवडा

महाविद्यालयात शिकवणाऱ्यांचे काम मोजण्याची दोन मापे आपल्याकडे एकाच इमारतीत, एकाच विभागात आणि पुष्कळदा एकाच टेबलाच्या दोन बाजूंना सुखाने नांदतात. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे काम आठवड्याला ४० तासांचे असते असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे विनियम सांगतात आणि त्यांपैकी प्रत्यक्ष अध्यापनाचे तास १६ धरतात. उरलेले २४ तास वाचन, तयारी, उत्तरपत्रिका, संशोधन, विद्यार्थ्यांची विचारपूस आणि महाविद्यालयाची सतरा कामे यांत जातात हे त्यात गृहीत आहे, आणि वेतन त्या चाळीसही तासांचे मिळते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याचे मात्र वर्गात उभे राहिलेले तेवढेच तास मोजले जातात. लातूर आणि बीड या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील दोन महाविद्यालयांत मी अनेक वर्षे इतिहास शिकवते आहे, सेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, पीएच.डी. झालेली आहे, आणि या दुसऱ्या मापात मोडते.

आमच्या मागण्यांची निवेदने निघतात तेव्हा त्यांत पहिली ओळ दरवाढीची असते. ती चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, कारण घर दरावरच चालते. ऑक्टोबर २०२२मध्ये शासनाने पदवी वर्गाच्या सैद्धांतिक तासिकेचा दर ९०० आणि पदव्युत्तर वर्गाचा १००० रुपये केला तेव्हा आमच्यातल्या अनेकांनी पेढे वाटले होते, आणि ते पेढे मीही खाल्ले होते. पण दर कितीही वाढवला तरी माप तेच राहते, आणि माझ्या मते अन्यायाचे मूळ मापात आहे. तासाला ९०० रुपये हा आकडा बाहेरच्या माणसाला भरघोस वाटतो. आमच्या गावातल्या एका कापड दुकानदाराने मला एकदा सरळ विचारले होते, "मॅडम, तासाला नऊशे? मग तुम्ही तर आमच्या पुढं गेलात की!" त्यांना उत्तर देण्यासाठी मी त्यांच्याच बिलबुकाच्या मागे हिशोब मांडला, आणि तो इथेही मांडते.

माझ्या वाट्याला आठवड्याला नऊ तासिका येतात, कारण एका रिक्त पदाचा कार्यभार आम्हा दोघांत वाटून दिलेला आहे. आयोगाच्या विनियमांप्रमाणे वर्षात अध्यापनाचे किमान ३० आठवडे असावेत. एकही सुट्टी आड आली नाही, एकही तासिका बुडाली नाही आणि नियुक्ती पहिल्या दिवसापासून मिळाली, असे अशक्य कोटीतले वर्ष धरले, तरी २७० तासांचे २,४३,००० रुपये होतात, म्हणजे बारा महिन्यांवर पसरले तर महिन्याला २०,२५० रुपये. आता दुसरी गोष्ट. आमची तासिका ४८ मिनिटांची असते आणि बिल होते ते घड्याळी ६० मिनिटांच्या तासाने, त्यामुळे पाच तासिका घेतल्या की चार तासांचे पैसे मिळतात. या हिशोबाने तीच वार्षिक रक्कम १,९४,४०० रुपयांवर येते आणि महिन्याला उरतात १६,२०० रुपये. गंमत अशी की शेजारच्या टेबलावरील पूर्णवेळ सरांच्या सोळा तासांत हीच ४८ मिनिटांची तासिका पूर्ण एक तास म्हणून बसते. दुकानदारांनी पाटी पुसावी तसा तो कागद हाताने पुसला आणि म्हणाले, "अन् गाडीभाडं?" गाडीभाडे त्यात नाही. मार्च २०२३पासून एसटीत महिलांना निम्मे तिकीट झाले, तेव्हापासून माझ्या मिळकतीत खरी वाढ झाली ती महामंडळाने केली, असे मी विनोदाने म्हणते, आणि माझे पुरुष सहकारी त्यावर हसत नाहीत.

पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन ५७,७०० रुपये आहे. सोळा तासिकांपैकी नऊ घेणाऱ्याला त्याच प्रमाणात वेतन द्यायचे ठरवले, तर महागाई भत्ता वगैरे काहीही न धरता ते ३२,४५६ रुपये होते, आणि ते बाराही महिने मिळते. आम्हा दोघांवर शासन एका वर्षात, सगळे अनुकूल धरूनही, ४,८६,००० रुपये खर्च करते. त्याच पदावर एक माणूस नेमला तर नुसते मूळ वेतनच ६,९२,४०० रुपये होईल. दोन माणसे एकापेक्षा स्वस्त पडत असतील तर पद रिक्त राहण्यामागचे कारण शोधण्यासाठी समिती नेमावी लागत नाही.

पण रुपयांपेक्षा मला त्या चोवीस तासांबद्दल अधिक बोलायचे आहे, जे आमच्या बाबतीत अस्तित्वातच नाहीत असे मानले जाते. १६ तास शिकवण्यासाठी ४० तासांचे काम लागते हे आयोगाचेच गणित, म्हणजे एका अध्यापनाच्या तासामागे अडीच तास. त्या गणिताने माझ्या नऊ तासिकांमागे साडेबावीस तासांचे काम आहे आणि ९०० रुपयांचा तास प्रत्यक्षात ३६० रुपयांचा आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामावरचे प्रकरण शिकवायचे तर १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख सांगून भागत नाही. समोरच्या बाकांवर बसलेल्या मुलांच्या आज्यांनी रझाकारांच्या गोष्टी सांगितलेल्या असतात, काहींच्या घरात त्या गोष्टी दुसऱ्या बाजूने सांगितल्या गेलेल्या असतात, आणि दोन्ही घरांतील मुले एका बाकावर बसलेली असताना ते प्रकरण नीट उलगडायचे तर आदल्या रात्री दोन तास बसावे लागते. ते दोन तास कोणत्याही बिलात लिहिता येत नाहीत. उत्तरपत्रिका, अंतर्गत मूल्यमापन, गॅदरिंगची तयारी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर आणि महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची समिती यायची असेल तर त्या फायली, या सगळ्यांसाठी आम्ही 'आपले' असतो. नॅकच्या वर्षी आमच्याकडून रात्री आठपर्यंत तक्ते भरून घेतले जातात, आणि त्या तक्त्यांत अध्यापकांची संख्या लिहिताना आम्ही मोजले जातो. एवढी गणती मात्र बिनचूक होते.

मी नाही म्हणू शकते का? कागदावर म्हणू शकते. पण पुढच्या जुलैत पुन्हा जाहिरात येणार असते, पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, तेच प्राचार्य, तेच विभागप्रमुख, आणि ज्यांच्या फायली मी भरल्या नाहीत तेच समोर बसून मला विचारणार असतात की, इतिहासाच्या साधनांचे प्रकार सांगा. दरवर्षीच्या या मुलाखतीने गुणवत्तेची पारख होते असे कोणी म्हणत असेल तर त्याने एकदा त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसावे. तिथे दहा-बारा वर्षे शिकवलेले लोक आपली प्रमाणपत्रांची फाईल मांडीवर घेऊन बसलेले असतात, आणि त्यांच्यात कधीकधी त्यांचाच जुना विद्यार्थीही उमेदवार म्हणून असतो.

पैसे कधी मिळतात हा वेगळा विषय आहे. महाविद्यालय देयक तयार करते, ते विभागीय सहसंचालकांच्या कार्यालयात जाते, विद्यापीठाची मान्यता आली नसेल तर तिथे थांबते, त्रुटी निघाली की परत येते, अनुदान संपलेले असेल तर पुढच्या तरतुदीची वाट पाहते. यात कोणा एका कारकुनाचा दोष आहे असे मला वाटत नाही. व्यवस्था अशी रचलेली आहे की आमचे देयक हे कोणाच्याच पगाराच्या तारखेशी बांधलेले नाही. ऑगस्टमध्ये शिकवायला सुरुवात केलेल्या माणसाच्या खात्यावर पहिली रक्कम पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये येते. तोवर किराणा उधारीवर, मुलांची फी भावाकडून, आणि गाडीभाडे रोख. माझ्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुले पुष्कळ आहेत. दसरा-दिवाळीनंतर त्यांचे आईवडील पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यावर जातात आणि बरीच मुलेही त्यांच्यामागे जातात. त्यांच्यापैकी एका मुलीची हजेरी का कमी आहे ते विचारायला मी तिच्या वडिलांना बोलावले होते. बोलता बोलता आमच्या पगाराचा विषय निघाला तेव्हा ते थक्क होऊन म्हणाले, "बाई, आमाला मुकादम कोयता हातात घ्यायच्या आधी उचल देतो. तुमाला काम झाल्यावरबी देत नाहीत?" उचलीने माणूस कसा बांधला जातो ते त्यांना माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते आणि त्यांचे जिणे माझ्यापेक्षा कितीतरी खडतर आहे, म्हणून तुलना मला पटली नाही, पण त्यांच्या प्रश्नाला उत्तरही देता आले नाही.

मराठवाड्यात या सगळ्याला एक जास्तीचा पदर आहे. निजामाच्या राज्यात इथल्या मुलाला पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठावे लागे. औरंगाबादेत १९२३ साली निघालेले महाविद्यालयही इंटरमिजिएटपर्यंतच होते. शिक्षणासाठी इथे जे उभे राहिले ते पुष्कळसे त्यागावर उभे राहिले. स्वामी रामानंद तीर्थ हे मुक्तिसंग्रामाचे नेते होण्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईत शिक्षक होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले, त्याच वर्षी नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि विद्यापीठ यायला १९५८ उजाडले. त्या पिढीतल्या शिक्षकांनी तुटपुंज्या पैशांत काम केले ही वस्तुस्थिती आहे आणि त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. पण त्यांनी जे स्वतःहून दिले, ते आता आमच्याकडून नियमाने घेतले जाते, आणि घेताना भाषा मात्र तीच वापरली जाते. संस्थेच्या वर्धापनदिनी व्यासपीठावरून "आमचे तासिकेवरचे प्राध्यापक सेवाभावाने काम करतात" असे वाक्य मी दरवर्षी ऐकते. सेवाभाव हा ज्याचा त्याने दाखवायचा असतो. दुसऱ्याच्या खात्यावर परस्पर लिहायचा नसतो. आणि त्या पिढीच्या त्यागातून संस्था उभ्या राहिल्या, आमच्या वंचनेतून काय उभे राहते आहे, हा प्रश्न इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला पडतो. मागच्या तीन-चार वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे सर्वांत हुशार होते त्यांतल्या एकानेही एम.ए. करून शिकवायचे मनात आणलेले नाही. त्यांनी आम्हाला जवळून पाहिले आहे.

लग्नाच्या बाजाराविषयी एक वाक्य पुरे: स्थळ पाहताना "मुलगा तासिकेवर आहे" हे ऐकले की मुलीकडचे चहा संपवून उठतात, आणि पस्तिशी उलटलेले माझे दोन सहकारी आता तो विषय काढू देत नाहीत.

बायकांच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे. माझी एक सहकारी सातव्या महिन्यात असताना तिला सांगण्यात आले की तुमच्या तासिका दुसऱ्या कोणाला तरी द्याव्या लागतील, मुलांचे नुकसान नको. तिने वैयक्तिक कारणास्तव काम सोडत असल्याचे पत्र लिहून दिले, आणि त्या पत्रामुळे तिला कोणी काढले असे कागदोपत्री कधी झालेच नाही. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ मध्ये झाला. २०१७च्या दुरुस्तीने त्यातली रजा २६ आठवड्यांची झाली. आणि हा लाभ मस्टरवरच्या रोजंदारी कामगार स्त्रियांनाही मिळाला पाहिजे असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महानगरपालिकेच्या प्रकरणात २००० सालीच सांगितले आहे. त्या स्त्रिया रस्त्यावर काम करणाऱ्या होत्या. विद्यावाचस्पती पदवी घेतलेल्या माझ्या मैत्रिणीला मात्र आपण असे काही मागू शकतो हे सुचलेसुद्धा नाही, आणि सुचले असते तरी पुढच्या जुलैतील मुलाखत तिच्या डोळ्यांपुढे होतीच.

कायद्याने शिक्षकाला कुठे बसवायचे याचा घोळ जुना आहे. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील 'कामगार' नाही असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात ठरवले, कारण अध्यापन हे उदात्त कार्य आहे. १९९६ मध्ये हरियाणातील खाजगी शाळांच्या प्रकरणात किमान वेतन कायद्याच्या बाहेरही तो राहिला. उपदानाच्या, म्हणजे ग्रॅच्युइटीच्या, कायद्यातही २००४ मध्ये तो बसला नाही. त्यासाठी संसदेला २००९ मध्ये दुरुस्ती करून ती ३ एप्रिल १९९७पासून लागू करावी लागली. तेव्हापासून शिक्षकाला उपदान मिळू लागले, पण नोव्हेंबर २०२५पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्यात त्यासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागत असे, आणि आमची सेवा तर दर एप्रिलमध्ये संपते. उन्हाळ्याचा हा खंड अभ्यासक्रमाच्या सोयीसाठी आहे असे सांगितले जाते. असेलही, पण त्याच उन्हाळ्यात पर्यवेक्षणाला आणि पेपर तपासायला माणसे कमी पडली की फोन आम्हालाच येतो.

दुसऱ्या बाजूने कायदा आमच्याकडे सरकतोही आहे. पंजाब राज्य विरुद्ध जगजित सिंग या २०१६च्या निकालात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनी तेच काम केले तर त्यांना नियमित पदाच्या वेतनश्रेणीचे किमान वेतन दिले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. आयोगाच्या २०१८च्या विनियमांतही कंत्राटी अध्यापक मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावेत आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकाच्या मासिक वेतनापेक्षा कमी नसावे असे लिहिले आहे. जानेवारी २०१९ मध्ये आयोगाने अतिथी अध्यापकाचे मानधन तासिकेला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये ठरवून दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा निकाल आला. शेजारच्या टेबलावरील नियमित अध्यापकाला सव्वा लाखाच्या वर वेतन असताना त्यांना ३०,००० रुपये दिले जात होते. न्यायालयाने त्यांना वेतनश्रेणीचे किमान वेतन देण्याचा आदेश दिला आणि 'गुरुर्ब्रह्मा' म्हणत राहण्याला काही अर्थ नाही, ते शिक्षकांना वागवण्यात दिसले पाहिजे, अशा आशयाचे मतही नोंदवले. तो निकाल वाचून आमच्या विभागात त्या दिवशी कोणीच शिकवण्याच्या मनःस्थितीत नव्हते, तरी तासिका झाल्या, कारण न झालेल्या तासिकेचे पैसे नसतात.

तरी हा निकाल आम्हाला जसाच्या तसा लागू होईल अशा भ्रमात राहू नये, असे मी सहकाऱ्यांना सांगते. गुजरातचे ते अध्यापक पूर्ण कार्यभार सांभाळणारे होते. आमच्या बाबतीत शासन म्हणेल की, हे अर्धवेळही नाहीत, हे तर तासापुरते आहेत. म्हणूनच तासाच्या दरावर भांडत राहणे मला धोक्याचे वाटते. दर मागताना आपण तासापुरते आहोत हे आपणच मान्य करत असतो. मागणी अशी हवी की मंजूर पदाच्या कार्यभाराचा जेवढा हिस्सा मी उचलते, त्या प्रमाणात त्या पदाचे वेतन मला मिळावे, ते बारा महिने मिळावे, दरमहा मिळावे, आणि पद भरले जाईपर्यंत नियुक्ती चालू राहावी. यात काही आकाशपाताळ एक करायचे नाही. शालेय शिक्षणात मान्यताप्राप्त अर्धवेळ शिक्षकाला निम्मे वेतन देण्याची रीत आपल्याच राज्यात जुनी आहे. ती उच्च शिक्षणाला का चालू नये याचे उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला उमादेवी निकालाचा. २००६च्या त्या निकालाने मागच्या दाराने आलेल्यांना कायम करण्यास मनाई केली हे खरे. पण आम्ही जाहिरातीवरून, निवड समितीपुढे, मंजूर आणि रिक्त पदावर आलेलो आहोत. शिवाय कायम करणे आणि केलेल्या कामाचे प्रमाणशीर वेतन देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि उमादेवीचा आधार घेऊन वर्षानुवर्षे राबलेल्यांचे हक्क नाकारू नयेत असे डिसेंबर २०२४ मध्ये जग्गो विरुद्ध भारत सरकार या निकालात न्यायालयानेच बजावले आहे. दुसरा आक्षेप तिजोरीचा. तो गंभीर आहे आणि मी तो उडवून लावत नाही. पण तिजोरीला जे परवडत नाही ते माझ्या घराला परवडावे, ही अपेक्षा कोणत्या अर्थशास्त्रात बसते? एक तिसरा, न बोललेला आक्षेपही आहे, आणि तो आमच्याच बाजूला बसलेल्या पूर्णवेळ सहकाऱ्यांचा आहे: आमचे वाढले तर त्यांचे काही कमी होईल असे त्यांना वाटते. त्यांच्या संघटनांच्या मागणीपत्रात आमचा उल्लेख असतो, शेवटून दुसरा.

विनाअनुदानित महाविद्यालयांत तर हा सगळा ऊहापोह फिजूल ठरतो. माझ्या दुसऱ्या महाविद्यालयात दर नाही, शासन निर्णय नाही, सहसंचालक नाहीत. जूनमध्ये तोंडी ठरलेला एक आकडा असतो आणि तो मार्चमध्ये थोडा लहान झालेला असतो. तिथे मागायचे कोणाकडे, हाच मुळात प्रश्न आहे.

सध्या आम्ही काही जण मिळून जे काम करतो आहोत ते फार साधे आहे. प्रत्येकाने आपली सर्व वर्षांची नियुक्तीपत्रे, विद्यापीठाची मान्यतापत्रे, सहीचे वेळापत्रक, हजेरीपत्रकाच्या छायाप्रती, पर्यवेक्षणाचे आणि परीक्षेचे आदेश आणि बँकेच्या पासबुकातील नोंदी एका फाईलमध्ये वर्षवार लावायच्या. वर्गाबाहेरच्या ज्या कामाचा लेखी आदेश नसतो, त्यासाठी "आपल्या तोंडी सूचनेनुसार अमुक काम पूर्ण करून सादर करीत आहे" एवढी एक ओळ लिहून आवक क्रमांक घ्यायचा. न्यायालय असो की मंत्रालय, तिथे आमचे चोवीस तास तेव्हाच दिसतील जेव्हा त्यांना आवक क्रमांक असतील. आवक-जावक सांभाळणाऱ्या आमच्या मामांनी पहिल्या पत्रावर शिक्का मारताना विचारले, "मॅडम, हे असलं पत्र कशासाठी?" मी म्हटले, हिशोबासाठी. त्यांनी शिक्का मारला, क्रमांक टाकला आणि दुसरी प्रत माझ्याकडे सरकवून म्हणाले की त्यांनाही मस्टरवर चौदा वर्षे झाली आहेत, तेव्हा असे एक पत्र त्यांच्यासाठीही लिहून द्यावे.